आजारपणाचा खर्च : कोणी, केव्हा आणि कसा द्यावयाचा?



दुखणे हत्तीच्या पावलाने येते आणि मुंगीच्या पावलाने जाते, अशी आपल्याकडे म्हण आहे. दुखण्याबरोबर येणाऱ्या खर्चाची गोष्टही याहून वेगळी नाही. घरातील कर्ता माणूस एका रात्रीत अंथरुणाला खिळतो, इस्पितळाचे बिल आठवड्याभरात हाती पडते. परंतु त्यासाठी काढलेले कर्ज फेडण्यात कित्येक हंगाम निघून जातात. शिक्षण, लग्नकार्य किंवा घरबांधणी यांचा खर्च माणसाला अगोदर ठरविता येतो, वेळप्रसंगी पुढे ढकलता येतो. आजारपणाचा खर्च केव्हा येईल, किती येईल आणि कोणावर येईल हे कोणालाच सांगता येत नाही. यास्तव तो एकेका कुटुंबाने आपापल्या ऐपतीवर सोसावयाचा, की समाजाने मिळून त्याची आगाऊ तजवीज करावयाची, हा प्रश्न गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जगातील बहुतेक देशांपुढे उभा राहिला. निरनिराळ्या देशांनी त्याची जी उत्तरे शोधली, त्यांचा परामर्श घेणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

खर्चाची विषम वाटणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२१ साली साऱ्या जगाचा आरोग्यावरील खर्च ९.८ लक्ष कोटी डॉलर होता. जगाच्या एकूण उत्पन्नाशी त्याचे प्रमाण १०.३ टक्के पडते. ही रक्कम प्रचंड खरी. परंतु तिची वाटणी अत्यंत विषम आहे. श्रीमंत देशांत त्या वर्षी माणशी सरासरी सुमारे ४,००० डॉलर खर्च झाले. उलटपक्षी, जगातील सुमारे ११ टक्के लोक अशा देशांत राहत होते, की जेथे वर्षाकाठी माणशी ५० डॉलरदेखील आरोग्यावर खर्च होत नव्हते.

हा पैसा मुख्यतः तीन वाटांनी येतो. पहिली वाट शासनाच्या करांची, दुसरी विम्याच्या वर्गणीची आणि तिसरी खुद्द रुग्णाच्या खिशाची. अतिगरीब देशांत परदेशी मदतीची चौथी वाटही असते. पहिल्या दोन वाटांनी येणारा पैसा माणूस धडधाकट असताना, त्याच्या मिळकतीच्या दिवसांत गोळा होतो. तिसऱ्या वाटेचा पैसा मात्र नेमका तो आजारी पडून त्याची मजुरी बुडालेली असताना मागितला जातो. देश जितका गरीब, तितका या तिसऱ्या वाटेचा हिस्सा सामान्यतः मोठा असतो, ही यातील सर्वांत दुःखद गोष्ट होय.

जर्मनी : पगारातील वर्गणी

या प्रश्नाचे पहिले मोठे राष्ट्रीय उत्तर जर्मनीने दिले. चॅन्सलर बिस्मार्क यांच्या कारकीर्दीत १८८३ साली कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा संमत झाला. कामगारांना समाजवादी चळवळीपासून दूर ठेवावे, हा बिस्मार्क यांचा राजकीय हेतू त्यामागे होताच. खाणकामगारांचे आणि कारागिरांचे साहाय्यनिधी त्या देशात पूर्वीपासून अस्तित्वात होते. कायद्याने त्यांचा पाया घेऊन वर्गणी सक्तीची केली. वर्गणीचा दोन तृतीयांश भाग कामगाराने आणि एक तृतीयांश भाग मालकाने द्यावयाचा, असे ठरले. आज मूळ वर्गणीचा दर पगाराच्या १४.६ टक्के असून ती दोघांत निम्मी-निम्मी विभागली जाते.

या पद्धतीचे मर्म असे, की वर्गणी पगाराच्या प्रमाणात घेतली जाते आणि उपचार गरजेच्या प्रमाणात मिळतात. अधिक पगाराचा माणूस अधिक भरतो, तरुण माणूस वृद्धाचा भार उचलतो आणि मिळकत नसलेल्या पत्नीसाठी वा मुलांसाठी निराळी वर्गणी द्यावी लागत नाही. जर्मनीतील सुमारे नव्वद टक्के जनता आज या सार्वजनिक विम्याच्या छत्राखाली आहे. दोन महायुद्धे, देशाची फाळणी आणि १९९० मधील एकीकरण एवढ्या उलथापालथींतून ही व्यवस्था टिकून राहिली.

ब्रिटन : करांतून सेवा

ब्रिटननेही १९११ साली कामगारांपुरता विमा सुरू केला होता. परंतु त्यात कामगाराच्या पत्नीला व मुलांना उपचार मिळत नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, सर विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षिततेविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या विचारांतून आणि आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्या आग्रहातून ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तिचा खर्च मुख्यतः सर्वसाधारण करांतून भागवावयाचा आणि दवाखान्याच्या दारात कोणाकडूनही पैसे घ्यावयाचे नाहीत, हे तिचे मूळ सूत्र होय.

या सूत्रालाही लवकरच मुरड घालावी लागली. दाताच्या कवळ्या व चष्मे यांवर शुल्क आकारण्याच्या प्रश्नावरून खुद्द बेव्हन यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि १९५२ पासून औषधाच्या चिठ्ठीवरही शुल्क सुरू झाले. पुढे वेल्स, उत्तर आयर्लंड व स्कॉटलंड यांनी ते रद्द केले; इंग्लंडमध्ये ते चालू राहिले, तरी मुले, वृद्ध आणि गरीब यांना त्यातून सूट आहे. या व्यवस्थेत रुग्णाला पैशाची चिंता नसते. परंतु निधी अपुरा पडला, की तिची किंमत प्रतीक्षेच्या रूपाने द्यावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील नियोजित उपचारांच्या प्रतीक्षायादीतील नोंदी ७७ लाखांवर गेल्या होत्या. सेवा मोफत असणे आणि ती वेळेवर मिळणे या दोन निराळ्या गोष्टी असून दोहोंसाठी तरतूद करावी लागते, हे या अनुभवावरून दिसते.

कॅनडा : एका प्रांताने दाखविलेली वाट

कॅनडाचे उदाहरण राज्य पातळीवरील कार्यकर्त्यांनी मुद्दाम अभ्यासावे असे आहे. कारण तेथे सुधारणेचा प्रारंभ राजधानीत झाला नाही. सस्कॅचेवान हा गहू पिकविणारा, विरळ वस्तीचा प्रांत. टॉमी डग्लस या प्रांताचे मुख्यमंत्री असताना १९४७ साली तेथे सर्वांसाठी रुग्णालय विमा सुरू झाला. पुढे डॉक्टरांच्या सेवेचाही त्यात समावेश करण्याचा कायदा झाला. तो १ जुलै १९६२ रोजी अमलात येताच प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी संप पुकारला. हा संप २३ दिवस चालला. त्या वेळी डग्लस यांच्या जागी वुडरो लॉइड हे मुख्यमंत्री होते. अखेर तडजोड झाली व योजना कायम राहिली. डॉक्टर शासनाचे नोकर झाले नाहीत; त्यांचे बिल मात्र रुग्णाऐवजी प्रांताच्या विमा योजनेकडे जाऊ लागले.

एका प्रांतात हे जमू शकते असे दिसल्यावर केंद्र सरकारने १९६६ साली देशव्यापी कायदा केला आणि खर्चाचा वाटा उचलण्याचे मान्य केले. १९८४ च्या कायद्याने रुग्णाकडून जादा आकार घेणाऱ्या प्रांताचे केंद्रीय अनुदान कापण्याची तरतूद झाली. तथापि, दवाखान्याबाहेर घ्यावयाची औषधे आणि दंतोपचार हे या छत्राबाहेर राहिले व ती उणीव भरून काढण्याचे प्रयत्न अगदी अलीकडे सुरू झाले.

अमेरिका आणि जपान : दरांचा प्रश्न

आरोग्यावर सर्वाधिक खर्च करणारा देश म्हणजे अमेरिका. २०२३ साली तेथे माणशी सुमारे १४,५७० डॉलर खर्च झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ते १७.६ टक्के होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे पगारवाढीवर निर्बंध होते. तेव्हा कामगार टिकवून धरण्यासाठी मालकांनी आरोग्य विम्याची सवलत देण्यास सुरुवात केली आणि तिला प्राप्तिकरातून सूट मिळाल्याने ही प्रथा रूढ झाली. परिणामी विमा नोकरीला जोडला गेला. नोकरी सुटली, की विम्याचाही आधार जाण्याची भीती निर्माण झाली. वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या सार्वजनिक योजना १९६५ साली आल्या. २०१० च्या कायद्याने विम्याची व्याप्ती बरीच वाढविली. तरीही २०२३ साली सुमारे २ कोटी ६० लाख लोक विम्याविना होते आणि तेथील सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षे होते.

त्याच वर्षी जपानमध्ये स्त्रियांचे सरासरी आयुर्मान ८७ वर्षे व पुरुषांचे ८१ वर्षे होते. आयुर्मान हे केवळ दवाखान्यांवर अवलंबून नसते. आहार, राहणी, अपघात, व्यसने यांचाही त्यात मोठा वाटा असतो. परंतु उत्पन्नाच्या मानाने अमेरिकेहून कितीतरी कमी खर्चात जपान आपल्या सर्व नागरिकांना उपचार पुरवितो, ही गोष्ट नाकारता येणार नाही. तेथे १९६१ पासून प्रत्येक नागरिक कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक विम्यात आहे. प्रत्येक तपासणी, शस्त्रक्रिया व औषध यांचे दर शासन ठरविते आणि साधारणतः दर दोन वर्षांनी त्यांची फेरतपासणी होते. दवाखाना खाजगी असो वा सरकारी, विम्याखालील उपचारांचा दर एकच. रुग्णाला सामान्यतः ३० टक्के हिस्सा भरावा लागतो; परंतु एका महिन्यात ठरावीक मर्यादेपलीकडे भार त्याच्यावर पडत नाही.

अमेरिकेत अशी सर्वव्यापी दरपत्रके नाहीत. एकाच शस्त्रक्रियेचा आकार दोन रुग्णालयांत, किंबहुना एकाच रुग्णालयात दोन विमा कंपन्यांसाठी, निरनिराळा असू शकतो. हिशेब, छाननी व दावे यांच्या कारभारावरच फार मोठी रक्कम खर्ची पडते. निवडक औषधांच्या किमतींबाबत कंपन्यांशी वाटाघाटी करण्याचा अधिकार ‘मेडिकेअर’ला प्रथमच मिळाला तो २०२२ च्या कायद्याने. पैसा किती ओतला यापेक्षा तो कोणत्या दराने आणि कोणत्या सेवेसाठी दिला, हे अधिक निर्णायक ठरते, असा बोध या दोन देशांच्या तुलनेतून होतो.

थायलंड : मर्यादित साधनांतील यश

हे सारे देश धनिक. मध्यम वा अल्प उत्पन्नाच्या देशाला असे काही साधेल काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर थायलंडच्या अनुभवात मिळते. २००२ साली त्या देशाचे दरडोई उत्पन्न वर्षाला सुमारे २,००० डॉलर होते. सरकारी नोकरांसाठी एक आणि खाजगी आस्थापनांतील कामगारांसाठी दुसरी अशा दोन योजना तेथे होत्या. परंतु शेतकरी, शेतमजूर आणि किरकोळ व्यावसायिक यांपैकी अनेकांना कोणताच आधार नव्हता. त्या सर्वांसाठी २००२ च्या राष्ट्रीय कायद्याने सार्वत्रिक योजना लागू झाली. दर भेटीस ३० बाट भरले, की उपचार मिळत. म्हणून ‘तीस बाटची योजना’ या नावानेच ती लोकांच्या तोंडी बसली. खर्च भागविला जातो तो शासनाच्या करांतून. देशातील सुमारे तीन चतुर्थांश लोक या एका योजनेखाली आले.

या यशाची पूर्वतयारी मात्र तीस वर्षांची होती. १९७२ पासून शासकीय खर्चाने शिकलेल्या नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात सेवा करणे बंधनकारक झाले. १९८० नंतरच्या दशकात काही काळ शहरी रुग्णालयांच्या विस्ताराचा पैसा तालुका पातळीवरील रुग्णालयांकडे वळविण्यात आला. गावोगावच्या आरोग्य स्वयंसेवकांची संख्या पुढे दहा लाखांच्या घरात गेली. म्हणजे कार्ड हाती आले तेव्हा ते घेऊन जाण्यासाठी जवळपास दवाखाना होता आणि दवाखान्यात डॉक्टर होता.

एक अपयशही या तयारीत उपयोगी पडले. १९८३ पासून थायलंडने ग्रामीण कुटुंबांसाठी ऐच्छिक आरोग्यपत्रिका विकून पाहिली होती. ज्यांच्या घरी आजारी माणूस होता त्यांनीच ती प्रामुख्याने घेतली, निरोगी कुटुंबे बाहेर राहिली आणि निधीचा मेळ बसेना. ऐच्छिक वर्गणीवर सर्वांचा भार पेलता येत नाही, असा निष्कर्ष त्यातून निघाला. नव्या योजनेत रुग्णालयाला प्रत्येक उपचारागणिक पैसे देण्याऐवजी, बाह्यरुग्ण सेवेसाठी त्याच्याकडे नोंदलेल्या माणसागणिक वर्षाची ठरावीक रक्कम देण्याची पद्धत पडली. सुरुवातीचा एकूण दर माणशी वर्षाला १,२०२ बाट होता. अनावश्यक तपासण्या वाढविण्यात रुग्णालयाला लाभ उरला नाही. प्रारंभी मूत्रपिंडाच्या रुग्णांचे डायलिसिस परवडणारे नव्हते, म्हणून ते वगळले होते. २००८ साली त्याचाही समावेश झाला. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात रुग्णाच्या खिशाचा वाटा २००० च्या सुमारास एक तृतीयांश होता, तो घटून साधारण एक दशांशावर आला. सरकारी नोकरांच्या योजनेत मात्र माणशी खर्च या योजनेहून पुष्कळच अधिक होतो आणि ही तफावत तेथे आजही टीकेचा विषय आहे.

आफ्रिका खंडातील राष्ट्रांनी २००१ साली अबुजा येथे एकत्र येऊन शासकीय अंदाजपत्रकाचा १५ टक्के भाग आरोग्याला देण्याचा संकल्प सोडला होता. थोड्याच देशांना तो पाळता आला. संकल्पाची अंमलबजावणी वर्षानुवर्षांच्या अंदाजपत्रकांत व्हावी लागते, हेच यावरून स्पष्ट होते.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात या विचाराची परंपरा जुनी आहे. नाशिक येथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही व्यक्ती पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्या समितीने प्रारंभीच मांडले होते. संघटित कामगारांसाठी राज्य विमा योजना १९५२ साली सुरू झाली. परंतु शेती व असंघटित व्यवसायांतील कोट्यवधी लोकांसाठी दीर्घकाळपर्यंत सरकारी दवाखाना किंवा सावकार, एवढेच दोन आधार राहिले.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ६४.२ टक्के भार कुटुंबांच्या खिशावर होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय आहे. तरी शंभर रुपयांतील एकोणचाळीस रुपये अजून आजारपणाच्याच वेळी मोजावे लागतात. त्या वर्षी शासनाचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत प्रारंभ झालेली जीवनदायी योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. या योजनांचा भर रुग्णालयात दाखल होणाऱ्या रुग्णावर आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा अशा विकारांची औषधे महिनोन्‌महिने घरी घ्यावी लागतात. त्यांचा खर्च विम्याच्या कार्डाने भागत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांचे कपाट भरलेले असावे लागते.

आगाऊ वर्गणीचा विचार महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला अपरिचित नाही. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आसपासच्या गावांत असा प्रयोग केला. सुगीच्या वेळी प्रत्येक कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यावयाची, मोठ्या शेतकऱ्याने अधिक व भूमिहीनाने कमी, आणि त्या निधीच्या बदल्यात गावाला आरोग्यसेवक व रुग्णालयात सवलतीचे उपचार मिळावयाचे, अशी ती योजना होती. गावातील बहुतांश कुटुंबे सामील झाली, तरच गाव योजनेत घेतले जाई. धान्य घरात असते तेव्हा द्यावे आणि दुखणे येते तेव्हा घ्यावे, ऐपतीप्रमाणे द्यावे आणि गरजेप्रमाणे घ्यावे, ही जर्मनीच्या १८८३ च्या कायद्यामागील तत्त्वे ज्वारीच्या मापाने वर्ध्याच्या शेतकऱ्याला नीट समजली.

स्थानिक कार्यकर्त्यांचे काम

या सर्व अनुभवांतून काही गोष्टी स्पष्ट होतात. एकच पद्धत सर्व देशांना लागू पडत नाही. कर आणि सक्तीची वर्गणी या दोन्ही मार्गांनी देश यशस्वी झाले आहेत. परंतु ऐच्छिक विम्यावर किंवा केवळ रुग्णाच्या खिशावर विसंबून सर्वांना उपचार पुरविणे कोणत्याही देशाला साधलेले नाही. निधी एकत्र असावा, दर ठरलेले असावेत, आणि गावाजवळची प्राथमिक सेवा आधी सक्षम व्हावी, या तीन गोष्टी जेथे जमल्या तेथे थोड्या पैशातही पुष्कळ साधले.

यातील पहिल्या दोन गोष्टी केंद्र व राज्य पातळीवरील आहेत. तिसरी मात्र पंचायतीच्या अगदी दारातील आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्च करावयास देशभरात ७०,०५१ कोटी रुपयांचे अनुदान सुचविले होते, यावरूनही स्थानिक संस्थांवरील जबाबदारी लक्षात यावी. गावातील किती कुटुंबांकडे योजनेचे कार्ड आहे? कार्ड असूनही गेल्या वर्षी किती जणांना पदरचे पैसे भरावे लागले, आणि ते कशासाठी? उपकेंद्र कोणत्या दिवशी बंद होते, कोणते औषध किती आठवडे नव्हते? उपचारासाठी कोणाची जमीन गहाण पडली, कोणाच्या मुलीची शाळा सुटली? या माहितीसाठी मोठ्या पाहणीची गरज नाही. शिक्षक, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि पंचायत सदस्य एका बैठकीत बसले, तर एका गावाचा असा तक्ता दोन दिवसांत तयार होऊ शकेल. तो ग्रामसभेत वाचला जावा, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे जावा आणि पुढील वर्षीच्या आराखड्यात त्याची दखल घेतली जावी. सस्कॅचेवानसारख्या एका प्रांताने किंवा सेवाग्रामच्या परिसरातील काही गावांनी जे करून दाखविले, त्याची सुरुवात अशाच लहान, परंतु नेमक्या कामातून झाली होती.